प्लॅन वाढवू नका, वायर लावा

शंभर एमबीपीएसचं फायबर घेतलं आणि आतल्या खोलीत बारा मिळतात, ही तक्रार आता घरोघरी आहे. जुनी फोनची तार काढली, भिंतीला भोक पाडून नवी वायर आत घेतली, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. तरी मुलाखतीच्या व्हिडिओ कॉलवर चेहरा गोठतो आणि एमपीएससीचा अर्ज शेवटच्या दिवशी अर्ध्यात अडकतो. कस्टमर केअरला फोन लावला की ठरलेलं उत्तर मिळतं : प्लॅन वाढवा.

प्लॅन वाढवू नका. जी भिंत शंभर अडवते ती तीनशेही अडवते. जास्त पैसे भरले म्हणून जुना राउटर नवा होत नाही आणि सैल बसलेली पिन घट्ट होत नाही. वेग कुठे अडलाय हे न शोधता ग्राहकाच्या गळ्यात मोठा प्लॅन मारणं ही सरळ लूट आहे. ती थांबवायची तर ग्राहकाला एक गोष्ट आलीच पाहिजे : लायनीतला दोष आणि घरातला दोष वेगळा ओळखणं. त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही. एक लॅन केबल आणि थोडा धीर पुरतो.

दोष गेला नाही, सरकला

सरकारी दूरसंचार कंपन्यांनी जानेवारी २००५ मध्ये फोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केलं. त्या तारेचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतरावर ठरायचा. एक्स्चेंजजवळच्या घराला चांगलं नेट, लांबच्या घराला रडतखडत. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की तेही बंद. तेव्हा सगळ्यात कमजोर दुवा ती तारच होती. दोन-चार एमबीपीएस येत होते आणि तेवढे तर कसलाही स्वस्त राउटर वाहून नेत होता. राउटर कसा आहे, कुठे ठेवलाय, भिंती किती आहेत, हे कुणी पाहिलं नाही, कारण पाहायची गरजच पडली नाही.

फायबरमध्ये काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून प्रकाश जातो. घरोघरी फायबर नेण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्रास वापरतात, तिचं नाव जीपॉन. तिच्यात वीस किलोमीटरपर्यंत अंतराने वेग घटत नाही. म्हणजे तार सुधारली. पण तार सुधारल्याबरोबर तिच्यामागे लपलेली सगळी दुखणी उघडी पडली : दहा वर्षांपूर्वीचा राउटर, टीव्हीच्या कपाटामागे कोंबलेला बॉक्स, कुठल्या तरी जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेली केबल आणि केबलवाल्याने वरच्या मोठ्या कंपनीकडून गरजेपेक्षा कमी घेतलेली पुढची जोडणी. फायबरने नेट मंद केलेलं नाही. आता मंद करणारं कुणी दुसरंच आहे आणि त्यालाच पकडायचं आहे.

मोजायचं कसं

मोबाइलवर वायफायने केलेली स्पीड टेस्ट कंपनीविरुद्ध पुरावा होत नाही. ती लाइन, राउटर, हवा, भिंत आणि मोबाइल या सगळ्यांची मिळून परीक्षा घेते आणि नापास कोण झालं ते सांगत नाही.

लॅपटॉप लॅन केबलने थेट फायबरच्या बॉक्सला जोडा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. तो गिगाबिटचा आहे ना, हे विकत घेतानाच पाहा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. घरातले बाकीचे मोबाइल, टीव्ही, कॅमेरे तेवढ्यापुरते नेटवरून काढा. मग स्पीड टेस्ट करा : एकदा सकाळी लवकर, एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमाराला. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट घ्या. टेस्टचा सर्व्हर आपोआप निवडला जातो आणि तो बहुधा कंपनीच्याच जाळ्यातला किंवा अगदी जवळचा असतो. म्हणून एकदा दुसऱ्या शहरातला सर्व्हर निवडूनही पाहा.

आता आकडे बोलतील. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा वायरवर पूर्ण वेग मिळाला तर लाइन चांगली आहे. दोष घरात आहे. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा मिळाला तर पुढच्या जोडणीवर गर्दी आहे; दोष कंपनीचा आहे. दोन्ही वेळा कमी मिळाला तर केबल, बॉक्स किंवा बाहेरची वायर तपासायची. जवळचा सर्व्हर वेगवान आणि लांबचा रखडत असेल तर कंपनीच्या जाळ्याबाहेर जाणारा रस्ता अपुरा आहे, आणि तोही कंपनीनेच विकत घेऊन ठेवायचा असतो.

एक हिशेब इथेच पक्का करावा. प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरवताना खिडकीत दिसणारा मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून शंभर एमबीपीएसच्या लायनीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने उतरते. खिडकीत अकरा-बारा दिसत असेल तर तुम्हाला पूर्ण माल मिळतोय. तक्रार करू नका.

चौऱ्याण्णवचा आकडा

आमच्या शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका. संध्याकाळी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतात. त्यांनी तीनशेचा प्लॅन घेतला, टेबलापर्यंत लॅन केबल ओढून घेतली आणि वेग चौऱ्याण्णवच्या वर जाईना. कंपनीचा मुलगा येऊन गेला. म्हणाला, "काकू, आमच्याकडून लाइन एकदम ओके आहे. तुमचा लॅपटॉप जुना झालाय." काकू म्हणाल्या, "अरे बाळा, मागच्या वर्षी तर घेतलाय." त्याने खांदे उडवले आणि तक्रार बंद केली.

केबलचं टोक उजेडात धरून पाहिलं. पारदर्शक प्लास्टिकच्या पिनेत आठ रंगांच्या तारा शेजारी शेजारी बसलेल्या असतात. त्यातली तपकिरी तार आखूड कापली गेली होती आणि तिचं टोक पितळी दातापर्यंत पोचलंच नव्हतं. हाच सगळा घोटाळा. शंभरच्या वेगाला आठपैकी चारच तारा लागतात. हजारच्या म्हणजे गिगाबिटच्या वेगाला आठही लागतात. एक तार तुटली की बहुतेक उपकरणं बोलणी करून मुकाट शंभरवर उतरतात आणि शंभरातून वाहतुकीचा ठरावीक खर्च वजा जाता हातात चौऱ्याण्णवच्या आसपास उरतात. कोपऱ्यावरच्या केबलवाल्याच्या पोराने जुनी पिन छाटली, आठही तारा एका रेषेत कापल्या, नवी पिन पकडीने दाबली. वेग पावणेतीनशेच्या पुढे गेला.

म्हणून लक्षात ठेवा : प्लॅन शंभरहून मोठा आणि वायरवरचा आकडा नव्वद-पंचाण्णवला अडकलेला, तर केबल, पिन किंवा भोक, यातलं काहीतरी शंभरचंच आहे. काही इमारतींत तर फायबर फक्त खालच्या पेटीपर्यंत येतं आणि तिथून घरोघरी शंभरच्या स्विचमधून तांब्याची केबल वर चढते. हे फायबर म्हणून विकलं जातं. ही ग्राहकाची फसवणूक आहे. कनेक्शन घेतानाच विचारा : काच माझ्या घरात येणार की खालच्या पेटीत थांबणार? उत्तर लिहून घ्या.

काकूंकडे आलेल्या कंपनीच्या मुलाला दोष देऊन मात्र काही साधणार नाही. दिवसभर उन्हातान्हात खांबावर चढायचं, गच्चीवरून वायरी ओढायच्या आणि वर तक्रारी झटपट उरकायचा तगादा. त्याला पिन तपासायला वेळ आणि शिक्षण देणं हे कंपनीचं काम. ते काम कंपन्या टाळतात आणि शिव्या तो खातो.

वायफायची खरी मर्यादा

वायरवर पूर्ण वेग आला, तर पुढची लढाई हवेतली. वायफायचे दोन पट्टे सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण सिमेंटच्या दोन भिंतींनंतर गळपटतो. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना न खेटणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. एका इमारतीत चाळीस राउटर असतील तर ते चाळीसही याच तीन चॅनेलांवर दाटीवाटीने बसतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो.

आकड्यांतच सांगायचं तर, एका अँटेनाचा साधा फोन २.४ वर नेहमीच्या वीस मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये राउटरशी कागदावर ७२ एमबीपीएसने जोडला जातो. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात, आणि तेही शेजारी गप्प असतील तेव्हा. या फोनला पाचशेचा प्लॅन दिला तरी मिळणार तेवढेच. हजारभर रुपये जास्त मोजून फोनवर दिसणारा आकडा इंचभरही हलणार नाही. विकणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणूनच मोठ्या प्लॅनचा आग्रह हा मला सेवेचा नव्हे, वसुलीचा भाग वाटतो.

उपाय साधे आहेत. बसवायला आलेला माणूस वायर वाचावी म्हणून बॉक्स दाराजवळ ठोकतो. ठोकू देऊ नका. घराच्या मध्यावर, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला बसवून घ्या. चार मीटर वायर जास्त लागेल, लागू दे. लोखंडी कपाट, आरसा, माशांची टाकी आणि टीव्हीची मागची बाजू या चार जागा राउटरला वर्ज्य. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या आणि राउटरच्या खोलीत ५ चा पट्टा वापरा. टीव्ही आणि कामाचा कॉम्प्युटर जागचे हलत नाहीत. त्यांना वायरच द्या. म्हणजे हवा मोबाइलसाठी मोकळी राहते.

आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून स्वस्तातला रिपीटर आणताना जपून. तो एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल न्या आणि तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. जुन्या घरात पट्टी मारून केबल नेली तर भिंत थोडी वाईट दिसेल. मुलाचा अभ्यास आणि सुनेचं घरून चालणारं काम त्याहून मोलाचं आहे.

आणखी एक दुखणं वेगाच्या आकड्यात दिसतच नाही. घरातला एखादा मोबाइल रात्री दिवसभराचे फोटो वर चढवायला लागतो आणि नेमका तेव्हा कॉल तुटायला लागतो. वर जाणारी वाट भरली की राउटर सगळ्यांची डेटाची पाकिटं रांगेत साठवत बसतो. बोललेला शब्द पलीकडे पोचायला वेळ लागतो. नेटफ्लिक्सच्या फास्ट डॉट कॉमवर टेस्ट केली तर मोकळ्या लायनीवरची आणि भरलेल्या लायनीवरची दिरंगाई वेगवेगळी दिसते. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट असेल तर रोग हाच. फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतर लावा आणि राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कुणाचं पाकीट आधी सोडायचं ते ठरवण्याची, सोय असेल तर ती सुरू करा.

रात्री नऊची मंदी

आता कंपनीच्या पदरात पडणारा दोष. जीपॉनमध्ये एका धाग्यावर खाली येणारा एकूण वेग सुमारे २४८८ एमबीपीएस असतो. हा धागा बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण ओढलं तर ३२ घरांत प्रत्येकी साधारण ७८ आणि ६४ घरांत साधारण ३९ येतात. सगळे एकदम पूर्ण ओढत नाहीत, म्हणून ही वाटणी चालते. तिच्यात गैर काही नाही. गैर आहे ते पुढे. केबलवाला किंवा छोटी कंपनी वरच्या मोठ्या कंपनीकडून जो ठोक वेग घेते, तो ग्राहक दुप्पट झाले तरी वाढवत नाही. टाकी तीच ठेवून सोसायटीचे मजले वाढवले तर सकाळी सातला वरच्या नळांना पाणी येत नाही, तसंच रात्री नऊला नेटचं होतं.

दूरसंचार नियामक ट्रायने २००६ मध्येच हे ओळखून निकष घातले होते : गर्दीच्या वेळी पुढच्या जोडण्या ८० टक्क्यांच्या वर भरू नयेत आणि कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा. त्या निकषात घरातलं वायफाय नव्हतं, कंपनीची लाइन होती. जबाबदारीची रेषा तेव्हाच आखली गेली. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाची नवी नियमावली लागू झाली आहे. पण ग्राहकाने वायरवर मोजलेला आकडा पुढे केला नाही, तर कुठलीही नियमावली त्याच्या कामाला येत नाही.

कायद्याने घातलेली तळरेषाही फार वर गेलेली नाही. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. बाजारात शंभर-तीनशे विकायचे आणि कायद्यात दोनवर समाधान मानायचं, हे अंतर ग्राहकाच्या मुळावर येतं. ही मर्यादा वाढलीच पाहिजे.

बाहेरची वायर

बॉक्सवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच नीट पोचत नाही; राउटर बंद-चालू करून उपयोग नाही. येणाऱ्या प्रकाशाचं माप डीबीएममध्ये असतं. ते बऱ्याच बॉक्सच्या सेटिंगच्या पानावर दिसतं आणि तंत्रज्ञाच्या मीटरवरही. नेहमीच्या उपकरणांत उणे आठ ते उणे सत्तावीस ही चालणारी हद्द. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेलं की लाइन तुटत-जोडत राहते. वायर खिडकीच्या फटीत चेपलेली, दाराच्या बिजागरीत अडकलेली किंवा खिळ्याभोवती घट्ट दुमडलेली आहे का, ते स्वतः पाहा. काचेतला प्रकाश तीव्र वळणावर बाहेर सांडतो. बॉक्समध्ये जाणाऱ्या पिनेचा रंगही पाहा. हिरव्या पिनेचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळीचं तसं नसतं. हिरवी पिन निळ्या भोकात बसवली तर मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. अशी जोडणी दिसली तर तिथल्या तिथे बदलून मागा. एवढी खबरदारी मात्र घ्या : उघड्या फायबरच्या टोकात डोळा घालून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

तक्रार अशी करा

आधी प्लॅनची डेटामर्यादा वाचा. अमर्याद म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला सुमारे ३३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग खाली येतो. महिन्याच्या शेवटीच नेट मंदावत असेल तर आधी इथे पाहा.

मर्यादा शिल्लक असूनही वायरवर वेग कमी असेल तर कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार ही नुसती चर्चा. काम झालेलं नसताना बंद केल्याचा मेसेज आला तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करा. त्याला पैसे पडत नाहीत आणि २०१२ च्या नियमांप्रमाणे ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. तरी दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. स्क्रीनशॉट, तारखा, डॉकेट क्रमांक : खटला एवढ्यावर उभा राहतो.

बिल्डर आणि सोसायट्यांनाही एक सांगणं आहे. फ्लॅटमध्ये टीव्हीचे तीन पॉइंट आणि नेटचा एकही नाही, हा प्रकार आता पुरे. प्रत्येक खोलीत रिकामा पाइप टाकायला बांधकामाच्या वेळी फारसा खर्च येत नाही. नंतर भिंत फोडायला येतो. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीचं मानांकन देण्याचे नियम काढले आहेत. घर बघायला जाल तेव्हा पाण्याइतकंच ठामपणे याबद्दल विचारा. आणि ज्या कमिट्या एकाच कंपनीला इमारतीत शिरू देतात, त्यांना सभेत उभं राहून जाब विचारा. दुसरा पर्याय दारात आल्याशिवाय पहिला सुधारत नाही.

नेटफ्लिक्स एचडीसाठी ५ आणि फोरकेसाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. चार माणसांच्या घराला शंभर एमबीपीएस प्रामाणिकपणे आणि सलग मिळाले तर भरपूर आहेत. तेवढे मिळवणं हा आपला हक्क आहे, कारण त्याचे पैसे आपण आधीच भरलेले आहेत. तेव्हा पुढचा रिचार्ज करण्याआधी केबल लावा, सकाळी आणि रात्री वेग मोजा आणि आकडा लिहून ठेवा. दोष घरातला निघाला तर आपण दुरुस्त करू. दोष कंपनीचा निघाला तर दुरुस्त करून घेतल्याशिवाय एक रुपयाही जास्त देऊ नका.